उभ्या राजवाड्याची सून

“बोलत नाही फारसं, वहिनी. बरंच आहे म्हणा. कमी बोलणाऱ्या जास्त दिवस उभ्या राहतात.”

एका राज्यात, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात, ताकाच्या डेऱ्याशेजारी हे वाक्य बोलले गेले. बोलणारी राजाची बहीण, आत्यासाहेब. ऐकणारी राणी वसुमती. आणि जिच्याविषयी बोलणे चालले होते ती नवी सून शाल्मली, वरणाचे ओगराळे हातात धरून, दाराआड उभी होती. वाक्य तिच्यासाठी नव्हते. पण ज्या घरात सगळेच सदैव उभे, तिथे दाराआड कोण उभे आहे हे कोण बघत बसणार? बसणारच कोण?

कारण त्या राजवाड्यात कोणाला बसता येत नसे. पाट मांडला की पाट मागे सरके. सतरंजी अंथरली की ती आपली आपण गुंडाळून कोपऱ्यात जाऊन राही. पलंगावर आडवे होऊ पाहणाऱ्याला पलंग उभे करी. नुसत्या भुईवर टेकावे, तर भुई तेवढीच खाली जाई, आणि माणूस गुडघे वाकवून विहिरीत डोकावल्यासारखा दिसे. राजा भद्रसेन सिंहासनाशेजारी उभा राहून न्याय करी. सिंहासनावर एक साळुंकी बसे. ती घरची नव्हती, म्हणून तिला शाप नव्हता. आणि जागा रिकामी होती.

झोपायला ज्याला त्याला एकेक खांब होता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी राणीने शाल्मलीला तिचा खांब दाखवला.

“हा तुमचा. माझ्या सासूबाईंचा होता. चांगला गुळगुळीत झालाय.”

खांबाला एक खळगा पडला होता. शाल्मलीने त्यात खांदा टेकवून पाहिला. खळगा बराच खाली होता.

“शेवटी शेवटी त्या खचल्या होत्या,” राणी म्हणाली, आणि कामाला गेली.

हे असे का, तर तीन पिढ्यांपूर्वी या घरी मोठी पंगत होती. धूम्रकेश नावाचा मांत्रिक पाहुणा म्हणून जेवायला बसला होता. तो मध्येच, हात न धुता, उठला. त्याच्यासमोरचे केळीचे पान सोन्याचे झाले. “या घरात आता कोणी बसणार नाही,” तो म्हणाला, “बाहेरून आलेल्या एखाद्या मुलीच्या हातून सुटलात तर सुटलात,” आणि गेला. त्याचे काय बिनसले यावर घरात एकमत नव्हते. कोणी म्हणे वरण खारट झाले होते. कोणी म्हणे तूप उशिरा आले. आत्यासाहेबांचे ठाम मत होते की त्याला गोड कमी पडले. म्हणून तीन पिढ्या प्रत्येक नव्या सुनेला गोडाचा डबा देऊन त्याच्याकडे धाडत. प्रत्येक सून डबा पोचवून परत येई, आणि आपल्या खांबाशी उभी राही. दर पौर्णिमेच्या पंगतीला ते सोन्याचे पान त्याच्या नावाने मांडत. त्यावर जे वाढावे त्याची राख होई.

शाल्मलीही शापात सापडली ती उंबरठ्यावर. दिवसभर पालखीत अवघडून आली होती. आत गेल्यावर तरी पाय पसरून बसायला मिळेल, असे तिला वाटले होते. तिने उजव्या पायाने माप लवंडले, तांदूळ सांडले, बायका हसल्या, आणि पालखीतले ते अवघडून बसणे हेच तिचे शेवटचे बसणे ठरले.

त्या घरची रीत इतर घरांसारखीच होती. छातीइतक्या उंच चौरंगांवर पाने मांडत. पुरुष उभ्याने जेवत, पाहुणे उभ्याने जेवत, आणि सुना वाढत. वाढून झाले की खरकटे काढत. मग भांड्यांच्या तळाशी उरेल ते ओट्यापाशी खात. “तुम्हीही जेवून घ्या हं,” असे जाता जाता प्रत्येकजण म्हणे. थांबत कोणी नसे.

शाल्मलीने हे सगळे पाहिले आणि ती काही बोलली नाही. तिने राणीचे पायही पाहिले. ते घोट्यापाशी हंड्यासारखे सुजले होते. वैद्याने राजाला बाजूला घेऊन सांगितले होते, “महाराज, हे पाय पुढचा उन्हाळा काढणार नाहीत.” आणि त्या घरात पाय गेले की माणूस जाणार होते, आडवे व्हायला जागाच नव्हती. राणीनंतर आत्यासाहेब, आत्यासाहेबांनंतर आपण, हे गणित शाल्मलीला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

युवराज सुरंजन, तिचा नवरा, भला होता. दमलेला होता, पण भला होता. तो आपल्या खांबाशी न जाता तिच्या खांबाशी येई आणि पाठीला पाठ लावून उभा राही. दोघांचा भार दोघांवर.

“झोप येतेय का?” तो विचारी.

“नाही.”

“मलाही नाही.”

याला प्रेम म्हणायला हरकत नव्हती. फक्त त्यात एकमेकांचे तोंड दिसत नसे.

मग शाल्मलीची पाळी आली. आत्यासाहेबांनी डिंकाच्या लाडवांचा डबा तिच्या हाती दिला. शिदोरीला भाकऱ्या आणि थोडा शिधा दिला.

“तूप सढळ घातलंय म्हणावं. आणि लवकर ये. पौर्णिमेची पंगत आहे.”

“मी जाऊ का हिच्यासोबत?” सुरंजन म्हणाला.

“तू? आणि दरबारात उभं कोण राहणार?”

सुरंजनाने आपले जुने, मऊ पडलेले जोडे तिच्या पायांत घातले. ते मोठे होते. ती तशीच निघाली. साळुंकी सिंहासनावरून उडून तिच्या खांद्यावर आली.

“मी येते. सिंहासन फार टणक आहे.”

पळसाच्या रानापलीकडे एक टेकडी होती. टेकडीवर धूम्रकेश बसला होता. शाल्मली त्याच्या बसण्याकडेच पाहत राहिली. पाय दुमडलेले, पाठ झाडाला टेकलेली. किती साधी गोष्ट.

“काय आणलंस?”

“डिंकाचे लाडू.”

“तीन पिढ्या लाडू! दात गेले माझे. त्या पाखराला घाल.”

“मला चावत नाहीत,” साळुंकी म्हणाली.

“महाराज, शापाला उतारा—”

“तो मी सांगणार नाही. सांगून केलं की या शापात ते चालत नाही. तीन कामं आहेत, ती कर. उमजलं तर उमजलं.”

“आधीच्यांनी केली होती?”

“सगळ्यांनी केली. कामाला वाघ होत्या सगळ्या.” मांत्रिकाने डोळे मिटले. तोही दमलेला होता. “एक काम झालं की लगेच पुढचं विचारायच्या.”

पहिले काम असे. पायथ्याच्या विहिरीवरून घागर भरून आणायची; वाटेत कोणाला ओ द्यायची नाही. शाल्मलीला ते सोपे वाटले. न बोलण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते.

ती भरली घागर घेऊन निघाली, तोच मागून आत्यासाहेबांचा आवाज आला, “सूनबाई, डेऱ्यावर झाकण घाल गं जरा!”

“आले,” शाल्मलीच्या तोंडून गेले. घागर रिकामी.

दुसऱ्या खेपेला तिने ओठ दाबून धरले. राणीची हाक आली, राजाची आली, माहेरच्या आईचीही आली. ती बोलली नाही, पण पाय तिच्या नकळत मागे वळले. घागर रिकामी. सुरंजनाच्या जोड्यांना ही सवय कुठली, सवय पायांनाच होती.

तिसऱ्या खेपेला ती अर्ध्या वाटेवर थांबली आणि हाका ऐकत राहिली. हाकेमागून हाक येत होती. “सूनबाई, मीठ!” “सूनबाई, पाणी!” “सूनबाई, कुठे आहेस?” मध्ये कुठेही कोणी मरत नव्हते. मिठाची हाक विरली, की पाण्याची येई. मीठ कोणीतरी घेतलेले असे. शाल्मली चालू लागली. हाका आल्या आणि गेल्या, रानातून वारा जावा तशा. घागर काठोकाठ भरलेली वर पोचली.

“काय कळलं?” धूम्रकेशाने विचारले.

“डेऱ्यावरचं झाकण आत्यासाहेबांना स्वतःला घालता येतं.”

मांत्रिकाने डोळे उघडले. “याला संयम म्हणतात. तुमच्या घरात सोसण्याला म्हणतात.”

दुसरे काम खिंडीत होते. तिथे घोरा नावाची राक्षसीण पहाऱ्याला उभी असे. तिच्या केसांची जट सोडवून यायची होती. शाल्मली फणी घेऊन दगडावर चढली. एक गुंता सुटला की दोन नवे होत.

“ओढू नकोस गं मेले! का करतेस हे?”

“सांगितलं म्हणून.”

“मग सांगितल्याइतकंच सुटेल.”

ऊन डोक्यावर आले. शाल्मलीचे हात भरून आले. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा तिची नजर राक्षसिणीच्या पायांवर गेली. ते घोट्यापाशी हंड्यासारखे सुजले होते. टाचांना भेगा. शाल्मलीने फणी खाली ठेवली.

“तुम्ही जेवलात का?”

“काय?”

“जेवलात का, म्हटलं.”

घोराने मान वळवून तिच्याकडे पाहिले. “मला लोक विचारतात, कोणाला खाल्लंस,” ती म्हणाली.

शाल्मलीने डबा उघडून पुढे केला. उन्हाने तापलेल्या डोहातले पाणी घागरीने आणून तिच्या पायांवर ओतले. भेगांतली माती बोटाने काढली. तिला कोणी हे सांगितले नव्हते. घोरा लाडू खात होती, मोठमोठ्याने नाक ओढत होती, आणि वर जट आपली आपण सुटत होती. ओला पेंढा सुटावा तशी.

“तूप सढळ आहे,” घोरा म्हणाली. “आणि तू? तू जेवलीस?”

“जेवेन मग,” शाल्मली सवयीने म्हणाली.

एक गाठ पुन्हा करकचून बसली. शाल्मलीने फणी उचलली.

“राहू दे,” घोरा म्हणाली. “ही माझी नाही.”

तिसरे काम देवळातले. टेकडीच्या पाठीमागे देवीचे देऊळ होते. देवीला नैवेद्य दाखवायचा आणि तिने तो खाल्ला की येऊन सांगायचे.

शाल्मलीने तीन दगडांची चूल मांडली. भात केला, वरण केले, पानाभोवती पाणी फिरवले, पडदा ओढला आणि बाहेर उभी राहिली. पडदा सारला तर पान जसेच्या तसे. दुसऱ्यांदा तिने खीर केली, पान नीट मांडले, मीठ मिठाच्या जागी, लिंबू लिंबाच्या जागी. पान जसेच्या तसे. साळुंकी म्हणाली, “मीठ खाली सांडलंय,” तेही तिने पुसले.

शिधा संपला. तिच्या वाटणीची एक भाकरी तेवढी उरली होती. ती तिने देवीपुढे ठेवली, पडदा ओढला, आणि बाहेर जायचे त्राणच नव्हते म्हणून आतच भिंतीला टेकून राहिली. देवीही उभीच होती. हातांत आयुधे, पायांखाली दैत्य, पाठीला टेकायला काही नाही.

“पडदा का ओढतेस?” देवीने विचारले.

“तुम्हाला जेवताना संकोच वाटू नये म्हणून.”

“मला कसला संकोच? बाहेर उभं राहिलं की तुझी भूक मला दिसत नाही, म्हणून ओढतेस.”

शाल्मलीने भाकरी थोडी पुढे सरकवली. मग म्हणाली, “जेवा ना, आई.”

“आणि तू?”

“जेवेन मग.”

“मग मीही मगच.”

दोघी उभ्या राहिल्या. मध्ये एक भाकरी. बाहेर साळुंकी पंख साफ करीत होती.

“तुला भूक लागलीय का?” देवीने विचारले.

हा प्रश्न शाल्मलीने हजारदा विचारला होता. तिला उत्तर द्यायची वेळ आली नव्हती. तिने आत पाहिले. वर थकवा होता. त्याखाली भीती होती. त्याखाली आत्यासाहेबांचे ते ताकाच्या डेऱ्याशेजारचे वाक्य होते. ते बाजूला केले तर अगदी तळाशी कोणीतरी मांडी घालून, शांत बसलेले होते. शापाला ते सापडले नव्हते. ते जेवायची वाट पाहत होते. किती दिवसांपासून, कोण जाणे.

“हो,” ती म्हणाली. इतक्या हळू, की साळुंकीला ऐकू गेले नाही.

“मला ऐकू आलं,” देवी म्हणाली. “पण मी त्या घरची नाही.” आणि तिने खाली वाकून भाकरीचे दोन तुकडे केले. दोघी जेवल्या. उभ्यानेच, पण समोरासमोर.

शाल्मली टेकडीवर परतली. “देवी जेवली,” ती म्हणाली. आणि पुढचे काम न विचारता तिने दुसरेच विचारले, “महाराज, तुम्ही त्या पंगतीतून का उठलात?”

धूम्रकेश सरळ बसला.

“मी विचारलं होतं, वाढणाऱ्या केव्हा जेवणार. राजा म्हणाला, त्यांना भूक लागत नाही. पंगत हसली. तेही ठीक. पण त्या वाढणाऱ्याही हसल्या. ते मला लागलं.”

“मग हे आजवर सांगितलं नाहीत?”

“कोणी विचारलं नाही. कामं उरकून सगळ्या घाईने परत जायच्या. घरी पंगत खोळंबलेली असायची.”

शाल्मली घरी पोचली तेव्हा पंगत खोळंबलेलीच होती. चौरंगांवर पाने मांडली होती. राजा उभा होता, मानकरी उभे होते. पंगतीच्या टोकाला सोन्याचे पान झगझगत होते. राणी एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने भात वाढायला निघाली होती.

“आलीस?” आत्यासाहेब म्हणाल्या. “लाडू आवडले का त्याला? नाही ना? मी म्हटलंच होतं, बेसनाचे करा. जाऊ दे, ओगराळं घे. सूनबाई, वरण थांबलंय!”

ती हाक वाटेवरच्या हाकेसारखीच होती. शाल्मलीने तिला जाऊ दिले. मग ती पंगतीच्या टोकाशी गेली, सोन्याचे पान उचलले आणि खाली भुईवर मांडले. त्यापुढे एक पाट ठेवला. पाट थरथरला, सरकायच्या बेतात.

“अगं, ते मांत्रिकाचं पान!”

“सूनबाई, हा काय प्रकार आहे?” राजाने विचारले.

“बोल ना,” सुरंजन हळूच म्हणाला. त्याने प्रथमच तिच्या तोंडाकडे नीट पाहिले होते.

राक्षसिणीपुढे तिला भीती वाटली नव्हती, देवीपुढे वाटली नव्हती. इथे वाटली. सगळे वाट पाहत होते, वरण निवत होते, आणि राणीचे पाय कापत होते. गप्प राहिले असते तर कोणी काही म्हटले नसते. उलट, चांगली आहे म्हटले असते.

मग ती बोलली. काय बोलली ते सांगते; फार मोठे नव्हते. आधी काय झाले ते ऐका.

मग सुरंजनाने भाताचे ताट उचलले. त्याने जन्मात कधी वाढले नव्हते. भात आधी की वरण आधी, हे त्याला ठाऊक नव्हते. “मीठ आधी, मेल्या, डावीकडे,” आत्यासाहेब सवयीने बोलून गेल्या. त्याने मीठ वाढले, भात वाढला, थोडा सांडला. पानावर राख झाली नाही. भाताखालचे सोने कडेने हिरवे होत गेले, आणि ते केळीचे पान झाले. तीन पिढ्यांपूर्वी देठावरून कापलेले, अजून ओले.

शाल्मलीने गुडघे वाकवले. पाट जागचा हलला नाही. ती बसली. त्याचा जो बारीकसा आवाज झाला तो सगळ्या राजवाड्याने ऐकला.

राणी खांबाला धरून हळूहळू खाली आली आणि भुईवर टेकली. तिने पाय लांब केले. राजा सिंहासनाकडे न जाता तिच्याशेजारी बसला. आत्यासाहेब तेवढ्या उभ्या राहिल्या. “माझं काही दुखत नाही,” त्या म्हणाल्या.

“वन्सं, बसा आता,” राणी म्हणाली.

त्या बसल्या. “अगं बाई,” एवढेच म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

तिकडे खिंडीत घोराच्या केसांतली उरलेली गाठ सुटली. टेकडीवर धूम्रकेश उठला आणि पाय मोकळे करायला निघाला. इतकी वर्षे बसून तोही अवघडला होता. साळुंकी सिंहासनावर परत गेली. राजाला ते हवे आहे का, हे विचारायला कोणी उठले नाही. उन्हाळा आला. राणीच्या पायांनी तो पाहिला, पाटावर, सावलीत. त्या राज्यात अजून पहिल्या पंगतीला वाढणाऱ्या बसतात. वाढायला राजघराण्यातले पुरुष असतात. सांडतात, पण वाढतात. पाठीला पाठ लावून झोपायची गरज उरली नाही, तरी सुरंजन अधूनमधून म्हणतो, टेकू का? ती म्हणते, समोर बसा.

आणि त्या दिवशी, सोन्याच्या पानापुढे उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती इतकेच म्हणाली होती:

“मला भूक लागली आहे. मी दमले आहे. मी बसते; तुम्ही वाढा.”